विहीणबाईंनी पिंजऱ्याला शिवलेली खोळ

आमच्या विहीणबाई, म्हणजे माझ्या सुनेच्या आई, शिवणकाम करतात. घर आमच्याच गल्लीत, त्यामुळे माझा सकाळचा चहा कधी इकडे होतो, कधी तिकडे, आणि बऱ्याचदा दोन्हीकडे; सुनेला यातलं अर्धंच माहीत आहे.

त्यांची कामाची रीत आधी सांगतो. माझा एक सदरा काखेत ओढायचा. बाईंनी एकच शिवण उसवली, मला सदरा घालायला लावला, हात वर करायला लावला, आणि शिवण परत घातली. मग दुसरी उसवली. पुन्हा हात वर. मी वैतागलो. म्हटलं, "विहीणबाई, सगळंच एकदम उसवा की."

"सगळं उसवलं तर ओढत कुठं होतं ते कसं कळणार, भाऊ? हात खाली नका घेऊ."

तर या बाईंनी मागच्या अंगणात लावे पाळले होते. लावा म्हणजे मुठीत मावेल एवढा गुबगुबीत पक्षी, त्याची अंडी ठिपक्याठिपक्यांची. कारण आमची समाईक नात. कोंबडीचं अंडं पुढे आलं की तोंड फिरवायची, पण लाव्याचं अंडं "माझ्या मापाचं आहे" म्हणून दोन-दोन खायची. विहीणबाईंचा त्या पक्ष्यांवर फार जीव. शिवणयंत्रावरून उठल्या की कंबर सरळ करायला तिथेच जायच्या. त्यांचे यजमान घड्याळं दुरुस्त करतात. त्यांना मात्र नरांचं पहाटेचं ओरडणं सोसत नसे.

थंडी सुरू झाली तशी अंडी कमी झाली. बाईंना वाटलं, बिचारे गारठले. त्यांनी पिंजऱ्याला जाड कापडाची, आत कापूस भरलेली खोळ शिवली. चारी कोपरे अंगासरशी बसलेले, वर हवेला फटी, त्यांच्यावर झालर, पुढे दाणापाण्यासाठी बटणांची झडप. अख्खी गल्ली बघून गेली. मी म्हटलं, "असा कोट मला माझ्या लग्नातसुद्धा मिळाला नव्हता."

आणि अंडी पुरतीच बंद झाली.

"उबदार कपडे मिळाले, आता कामाला कशाला लागतील?" व्याही म्हणाले. त्यांनी नाक्यावरच्या हॉटेलवाल्याला शब्दही देऊन टाकला, की पुढच्या महिनाअखेरीस येऊन सगळे घेऊन जा. बाई मला दारापर्यंत सोडायला आल्या आणि म्हणाल्या, "तोवर मला कारण सापडलं पाहिजे, भाऊ. नाहीतर सगळे त्याच्या पातेल्यात जातील."

सल्ले द्यायला गल्ली तयारच होती. दाणा बदला, नर काढा, मांजर त्रास देत असेल, औषध पाजा. मीही दोन-तीन सल्ले दिले, लाव्यांतलं मला ओ की ठो कळत नसताना. दुसरं कोणी असतं तर घाबरून सगळं एकदम केलं असतं. बाईंनी सदऱ्यासारखंच धरलं. आधी फक्त दाणा बदलला. अंडी देणाऱ्या कोंबड्यांचा आणला, त्यात शिंपल्यांचा चुरा घातला, आणि वाट पाहिली. काही नाही. मग नर पाहिले. ते जास्तच होते, माद्यांच्या डोक्यांवरची पिसं उपटली होती. एक ठेवून बाकीचे वेगळ्या पिंजऱ्यात घातले. माद्या शांत झाल्या, पिसं फुटू लागली, अंडी नाहीत. मग मांजराची वाट बंद केली. मांजर माझ्याकडे येऊ लागलं, अंडी नाहीतच.

खोळीवर मात्र संशय कुणालाच आला नाही. ती बाईंच्या हातची होती ना.

एके दिवशी भर दुपारी त्यांना दिसलं, की चोची मारून मारून पक्ष्यांनी आतलं अस्तर सोडवलंय. सुईदोरा घेऊन त्यांनी झडपेतून डोकं आणि दोन्ही हात आत घातले. मी बाहेर पाण्याचं भांडं धरून उभा.

आतून आवाज आला, "भाऊ, दोरा जात नाहीये."

"चष्मा विसरलात."

"चष्मा डोळ्यांवर आहे." जरा वेळ आत फक्त फडफड. मग, "बाहेर ऊन आहे?"

"लख्ख."

"आणि इथं दिवेलागण झालीय."

डोकं बाहेर आलं तेव्हा केसांत पीस अडकलं होतं आणि चेहरा पडला होता. पक्षी विकणाऱ्यानं बजावलेलं त्यांना आत्ता आठवलं, लाव्याला दिवस मोठा लागतो, उजेड कमी झाला की तो अंडी थांबवतो. थंडीत दिवस आधीच लहान. उरलासुरला खोळीनं झाकला.

त्यांनी घरातून मोठी कात्री आणली. दुसरं कोणी चोरून कापलं असतं, यांनी व्याह्यांना कामावरून उठवून समोर उभं केलं आणि म्हणाल्या, "बघा, माझंच चुकलं." उन्हाकडच्या दोन्ही बाजू, बटणं-झालरीसकट, कापून टाकल्या. वाऱ्याकडची बाजू आणि छत ठेवलं. छताखाली एक छोटा दिवा टांगला. तो पहाटे आणि संध्याकाळी लागायचा.

पण पक्ष्याचं अंग काही बटण दाबल्यासारखं चालत नाही. महिनाअखेर आली, अंडी आली नाहीत. हॉटेलवाला टोपली घेऊन अंगणात हजर.

"शब्द दिलाय मी," व्याही पुटपुटले.

"तुम्ही तो पक्ष्यांचा गुन्हा धरून दिला होता," विहीणबाई म्हणाल्या. "गुन्हा माझा निघाला. माझ्यापायी त्यांना कशाला कापायचं? मला काय ती शिक्षा द्या."

हॉटेलवाला हसला. "काकू, तुम्हाला टोपलीत कसं नेऊ?"

व्याही हसले नाहीत. कापलेल्या खोळीकडे बघत राहिले. इतक्या वर्षांच्या संसारात स्वतःच्या हातच्या कामावर कात्री चालवताना त्यांनी बायकोला पाहिलंच नव्हतं, हे ते मला नंतर म्हणाले. त्या वेळी त्यांनी हॉटेलवाल्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्याला फाटकापर्यंत पोचवलं. टोपली रिकामीच गेली.

पुढे काही दिवसांनी मी सकाळी चहाला गेलो, तर व्याही अंगणातून मूठ मिटून आत येत होते. कान थंडीनं लाल झाले होते. रोज उठल्याबरोबर ते गुपचूप पिंजऱ्यात डोकावून येत, हे त्या दिवशी उघडं पडलं.

त्यांनी बायकोसमोर मूठ उघडली. बाईंनी ठिपक्यांचं ते अंडं उचललं, गालाला लावलं आणि म्हणाल्या, "अजून गरम आहे."