ओमप्रकाशचं मिस्ड कॉल मशीन

सेनगावच्या बसस्टँडवर उतरून ओमप्रकाश राठोडचं दुकान विचारलं तर लोक एकमेकांची तोंडं बघतात. ‘झटकेवाला’ म्हटलं की चार जण सोबत यायला निघतात. हा माणूस माझा विद्यार्थी. सातवीपर्यंत मी त्याला शिकवलं आणि त्यातलं त्याला काहीही उपयोगी पडलं नाही, हे आता निवृत्तीनंतर कबूल करायला माझी हरकत नाही. तो खरा शिकला तो लोकांचे बिघडलेले पंखे आणि मोटारींचे स्टार्टर उघडून. वडील बाबूसिंग तांड्यावर शेती करतात. पोरगं शेतात कमी आणि पेचकस घेऊन जास्त दिसतं याचं त्यांना आधी वाईट वाटायचं, मग कौतुक वाटायला लागलं, आणि कंपनीची नोटीस आल्यावर पुन्हा वाईट वाटायला लागलं.

आमच्याकडे सोयाबीन पेरणारा शेतकरी आणि ते खाणारी रानडुकरं, रोही म्हणजे नीलगायी यांच्यात बरीच वर्षं भागीदारी चालू आहे. मेहनत शेतकऱ्याची, जेवण त्यांचं. म्हणून झटका मशीन. एक बॅटरी, वर सोलरची प्लेट, शेताभोवती तार. जनावर तारेला लागलं की झटका बसून पळतं, मरत नाही. अशी मशीनं बाजारात होतीच. पण तार तुटली तर मालकाला सकाळी कळायचं, तोवर डुकरांची पंगत उठलेली असायची. ओमप्रकाशने काय केलं, तर मशीनच्या डब्यात एक जुना बटनांचा मोबाईल बसवला. तार तुटली की मशीन मालकाला मिस्ड कॉल देतं. कॉल उचलायचा नाही, काठी उचलायची. पैसाही लागत नाही. कुणी सांगितलं नाही, कुणी शिकवलं नाही, सरकारने एक दमडी दिली नाही. असलं काही आमच्या तालुक्यात झालं की माझी छाती फुगते, मी ते लपवत नाही.

ही करोनाच्या आधीची गोष्ट. पुढच्या पाच-सहा वर्षांत सेनगावपासून कनेरगाव नाक्यापर्यंत दोनशेच्या वर शेतांत हे मशीन लागलं. बिल कधी नाही, तारीख कधी नाही. डब्याच्या झाकणावर मार्करने शेतकऱ्याचा मोबाईल नंबर, हीच पावती आणि हीच गॅरंटी.

मग गेल्या वर्षी शहरातल्या एका कंपनीच्या वकिलाची अकरा पानी नोटीस आली. ओमप्रकाशची बायको पुजा शेजारच्याच गाळ्यात ऑनलाइन फॉर्म भरायचं केंद्र चालवते. सातबारा, पीकविमा, पॅनकार्ड सगळं तिच्या हातचं. तिने इंग्रजी वाचून आम्हाला अर्थ सांगितला. तार तुटल्यावर मालकाच्या फोनवर सूचना देणारं कुंपण हा म्हणे कंपनीच्या शास्त्रज्ञांचा जगात पहिल्यांदा लागलेला शोध. त्यांना त्याचं पेटंट मिळालंय. सबब ओमप्रकाशने पंधरा दिवसांत मशीन बनवणं बंद करावं आणि दुकानात असलेली मशीनं मोडून टाकावीत.

ओमप्रकाशला दुसरा धंदा येत नव्हता आणि करायचाही नव्हता. तो मला एवढंच म्हणाला, “गुरुजी, माझंच मशीन मी चोरलं म्हणून राहिले का हे?”

मी व्हय म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

हिंगोलीचे आमचे वकील बांधाच्या भांडणात वाघ आहेत. पेटंट हा शब्द ऐकून त्यांनी आधी पाणी मागवलं. पण दोन दिवस पुस्तकं चाळून त्यांनी मार्ग काढला. कंपनीने पेटंटचा अर्ज केला त्याआधीपासून हे मशीन लोक उघड वापरत होते, एवढं दाखवलं तर पेटंट टिकत नाही. मुदतीत हरकत घाला आणि दहा शेतकऱ्यांचे जबाब जोडा. मला वाटलं, दहा कशाला, शंभर आणतो. आपल्या माणसांवर माझा केवढा तो विश्वास.

हरकत दाखल झाली. शेतकऱ्यांना सांगायला आम्ही निघणार, तेवढ्यात आमच्या आधी कंपनीचा माणूस गावोगाव फिरून आला. पांढरी गाडी, गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब. आता आमच्याकडे पांढऱ्या गाडीतून उतरलेला माणूस हा एक तर वीज मंडळाचा असतो, नाही तर जंगलखात्याचा. तारेत झटका सोडलाय म्हटल्यावर हे दोघंही येऊ शकतात, आणि दोघांनाही द्यायचं उत्तर इथलं लेकरू बोलायला लागतं तेव्हाच शिकतं. न्हाई साहेब, आमच्याकडं असलं काही न्हाई.

त्या माणसाने नम्रपणे विचारलं, की तुमच्याकडे मोबाईलवर कॉल देणारं कुंपणाचं मशीन पाच वर्षांपूर्वी होतं का? झालं. एकोणीस गावांतल्या एकोणीस शेतकऱ्यांनी कानावर हात ठेवले. पाच वर्षांपूर्वी नव्हतं, आज नाही, असलं मशीन असतं हेच आम्ही तुमच्या तोंडून ऐकतोय. काहींनी पुढे जाऊन ओमप्रकाश नावाचा इसमच ओळखत नाही असं सांगितलं. त्यातल्या जळबाने तर कहर केला. शेतातल्या आखाड्यावर, खोपटापाशी, मशीनवर पोतं टाकून तो त्याच्यापुढे उभा राहिला आणि जबाब देत असतानाच त्याचा फोन वाजला. तार कुठे तरी तुटली होती. मशीन इमानदारीने मालकाला कळवत होतं. जळबाने फोन कापला आणि जावई आहे म्हणून सांगितलं. हे सगळं त्या टॅबवर रेकॉर्ड झालं, सहीसकट.

संध्याकाळी जळबा स्वतः दुकानात येऊन शौर्य सांगून गेला. तुला वाचवलं, म्हणाला. साऱ्या शिवारात एक माणूस फुटला न्हाई. चहा ओमप्रकाशनेच पाजला. मला मात्र जळबाच्या पाया पडावं की त्याची गचांडी धरावी हे कळेना. माणसं खोटं बोलली ती प्रेमापोटी, आणि एवढ्या एकीने ती याआधी फक्त एकदा पाणंद अडवायला उभी राहिली होती.

आठवड्याने कंपनीचं उत्तर आलं. सोबत एकोणीस व्हिडिओ. संपूर्ण परिसरात असं यंत्र कधीही कुणी पाहिलेलं नाही, सबब हरकत फेटाळावी. वकीलसाहेबांनी फाईल मिटली. आता जबाब फिरवले तर हीच माणसं खोट्यात अडकतील, म्हणाले. ओमप्रकाशने दुकानातली बारा मशीनं ओळीने मांडून ठेवली, मोडायला. मोडली मात्र नाहीत. त्याची आई रुक्माबाई भाकरी घेऊन आली तर म्हणाला, ठेव, भूक नाही.

पुजा त्याच दिवसांत दुसऱ्याच कामात होती. शेतकऱ्यांच्या एका गटाने तीस मशीनं मागितली होती, पण बिल पाहिजे म्हणाले होते. मशीन बनवायची परवानगीच जाणार असताना ती बिलावर कर किती लावायचा हे शोधत बसली होती. मी तिला वेड्यात काढलं. ती म्हणाली, “गुरुजी, मशीन गेलं त गेलं, पर कर किती हे त कळू द्या.” सरकारी कागदावर तिचा असा जीव आहे.

शोधता शोधता तिला करखात्याच्या संकेतस्थळावर एक जुना निकाल सापडला. कुणी तरी खात्याला आधीच विचारून ठेवलं होतं, की कुंपणाच्या अशा मशीनवर कर किती? विचारणारी हीच कंपनी. विजेचं आधुनिक उपकरण म्हटलं तर कर जास्त आणि शेतीचं अवजार म्हटलं तर कमी. म्हणून कंपनीने खात्यापुढे शपथेवर लिहून दिलं होतं: हे शेतकऱ्याचं साधं अवजार आहे. यात नवं तंत्रज्ञान काहीही नाही. मराठवाडा-विदर्भात खेड्यापाड्यांतले कारागीर अशीच, फोन बसवलेली मशीनं कितीतरी वर्षं बनवतात. तारीख पेटंटच्या अर्जानंतर चार महिन्यांची.

त्याच निकालात कंपनीने आणखी एक गोष्ट सहज सांगून टाकली होती. आतलं सर्किट चीनमधून येतं, आणि बंदरावर ते मोबाईलचे किरकोळ सुटे भाग म्हणून उतरतं. पूर्ण मशीन म्हटलं तर तिथे आयातशुल्क जास्त बसतं ना. म्हणजे बंदरावर ते मशीनच नाही, करखात्यात ते मशीन आहे पण जुनंपुराणं आहे, आणि पेटंटच्या कचेरीत तेच मशीन जगात पहिल्यांदा जन्माला आलंय. तीन कचेऱ्या, तीन वकील, तीन शपथा, आणि सगळ्या खऱ्या. आमचा जळबा एकदा खोटं बोलला तर घाम पुसत होता. त्याला या लोकांकडे शिकवणीला पाठवायला हवं.

वकीलसाहेब तो निकाल वाचून खुर्चीतून उठले. एकोणीस व्हिडिओंची आता भीती नाही, कंपनीच आपली साक्षीदार, म्हणाले. मात्र भानगड एक होती. कंपनीने जे करखात्याला सांगितलं तेच ओमप्रकाशनेही शपथेवर सांगायला हवं होतं, म्हणजे दोन्ही कागद जुळतील. मी मराठीत मसुदा केला आणि त्याला वाचून दाखवला. सदर यंत्रात नवीन काही नाही. परिसरातील अनेक कारागीर ते पूर्वीपासून बनवतात. कोणा एकाचा हा शोध नाही.

ओमप्रकाशने कागद माझ्या हातातून घेतला. मग म्हणाला, “म्या एकट्यानं केलं हे सांगायला आपुन हरकत घातली होती ना, गुरुजी? मग हे काय लिवून राहिले?”

वकील म्हणाले, तू एकट्याने केलंस याला पुरावा कुठाय? शिवारातल्या एकोणीस जणांनी असलं मशीनच पाहिलं नाही म्हणून सांगितलंय, काहींनी तर तुलाही ओळखत नाही म्हणून. सगळे बनवतात याला मात्र कंपनीचा शपथेवर पुरावा आहे. मशीन वाचवायचं की नाव, ते तू ठरव. मला त्या वेळी फार लाज वाटली. ज्याच्या हुशारीबद्दल मी गावभर सांगत फिरायचो, त्याच्या हुशारीत काही नाही हे मीच शुद्ध मराठीत लिहिलं होतं. ओमप्रकाशने सही केली.

पुढे सुनावणीची वेळ आलीच नाही. कंपनीने मोठ्या मनाने पेटंट सोडून दिलं. शेतकऱ्यांच्या हितासाठी, असं पत्रात लिहिलं होतं. आमच्या वकिलांनी हिशेब सांगितला तो वेगळा होता: पेटंटचा हट्ट धरला असता तर करखात्याने नवीन तंत्रज्ञान म्हणून मागची सगळी सवलत वसूल केली असती, आणि ती रक्कम पेटंटपेक्षा कितीतरी मोठी होती. दुकानात पेढे वाटले गेले. जळबाने दोन उचलले आणि आपण तोंड उघडलं नाही म्हणूनच हे झालं असं जमलेल्यांना पटवून दिलं. ओमप्रकाश त्या दिवशी फार हसला आणि मलाही बरं वाटलं.

महिन्याने पुजाच्या फोनवर एक जाहिरात आली. आखाडा बाळापूरच्या हरीश नावाच्या वायरमनने ओमप्रकाशचं एक मशीन विकत नेऊन उघडलं होतं आणि हुबेहूब तसंच बनवलं होतं. डबा हिरवा, किंमत तीनशेने कमी, वर स्वतःचा फोटो आणि खाली ‘आमचा स्वतःचा शोध’. ओमप्रकाशने हातातलं सोल्डरिंग आयर्न खाली ठेवलं. त्याला मी एवढं चिडलेलं कधी पाहिलं नव्हतं. मोटारसायकलची चावी घेऊन तो उठला. बाळापूरला जाऊन त्या हरीशला बराबर बघतो, म्हणाला. मीही त्याच्या मागे बसायला निघालो होतो, खोटं कशाला सांगू?

पुजाने काही अडवलं नाही. तिने फाईल काढली, त्यातलं प्रतिज्ञापत्र त्याच्यापुढे ठेवलं आणि तिसऱ्या ओळीवर बोट ठेवलं. त्याने उभ्याउभ्याच वाचलं. कोणा एकाचा हा शोध नाही.

“हे त्यानं वाचलं त काय सांगाल त्याला?” तिने विचारलं.

ओमप्रकाशने चावी खिळ्याला परत अडकवली. कागदाच्या खालच्या कोपऱ्यावर अंगठा फिरवला आणि म्हणाला, “काय सांगू? सही त माझीच हाय.”