चार कोपऱ्यांचा तुकडा

हे मी आजवर कुणाला बोललेले नाही. नवऱ्याला नाही, मुलींनाही नाही. आताच का बोलते — ते राहू द्या.

सत्तरच्या दशकाची अखेरची वर्षं. अड्याळला आमचं सायकलचं दुकान. दुरुस्ती भासरे करायचे — म्हणजे नवऱ्याचे मोठे भाऊ. नवरा गल्ला आणि सामान बघायचा. भासऱ्यांशी सुनेनं बोलायचं नाही, ही आमच्याकडची रीत. तरी काम मी त्यांच्याकडूनच शिकले. ते हातातल्या ट्यूबला सांगायचे, मी पदर घेऊन मागे ऐकायची. "हवा भराचा वॉल बुडातून उपटला तं जुन्या ट्यूबचा वॉल रबरासकट गोल कापून लावाचा. कोपरा ठेवाचा नाही, कोपरा उचलते. मंग रातभर जात्याखाली." फुटक्या जात्याचा दगड त्यासाठीच ठेवलेला.

बाजाराचा दिवस होता. सात-आठ ट्यूबा पडलेल्या. भासरे जेवायला गेले, तेवढ्यात मी दूधवाल्याची वॉल उपटलेली ट्यूब घेतली. का? — माझाही हात चालतो, हे बघायचं होतं. घाईत चौकोनी तुकडा कापला, चिकटवला, चाक चढवलं. दगडाखाली ठेवलीच नाही. दूधवाला आला आणि दोन कॅन अडकवून गेला.

दुसऱ्या दिवशी सायकल ढकलत परत. गुडघा फुटलेला. तळ्याच्या पाळीवर वॉल निघाला होता.

"वा मिस्त्री! तळ्यातल्या बेडकायले दूध पाजून आलो!"

दुकानात माणसं हसली. नवरा हसला नाही. "दादा, तुमच्या डोळ्याले आता दिसत नाही जी. राहू द्या हे काम."

भासऱ्यांनी ट्यूब हातात घेतली. तुकड्याच्या कडेवरून अंगठा फिरवला. एक कोपरा, दुसरा, तिसरा — अंगठा थांबला. त्यांनी मान माझ्याकडे वळवली. वाट पाहिली. खरंच पाहिली.

आणि मी? मी पदर पुढे ओढला.

"असन बा," ते म्हणाले. "माह्याच हातून झालं असन."

त्यानंतर ते जाईपर्यंत त्यांनी फक्त हवा भरली. पंप आणि स्टूल, एवढंच. वॉल मी लावू लागले. गोल कापून, दगडाखाली ठेवून. एकही परत आला नाही. लोक म्हणायचे, बाईचा हात पक्का, मिस्त्रीचा गेला. त्यांच्यासमोर म्हणायचे.

रीत होती म्हणून गप्प राहिले, असं मी मनाला पुष्कळ वर्षं सांगितलं. पण त्याच पदराआडून मी गिऱ्हाइकांशी भांडत होते ना? आणि नवऱ्याशी बोलायला कोणती रीत आडवी आली होती?

अजून एक राहिलं. तो तुकडा मी त्याच संध्याकाळी चुलीत टाकला. चारही कोपरे जळेपर्यंत तिथून हलले नाही. रबराचा वास घरभर झाला. भासरे ओसरीवर बसलेले होते. कसला वास, हे त्यांनी विचारलं नाही.