हॉलमधला एकच पॉइंट

गुडगावच्या आमच्या सोसायटीच्या जाहिरातीत ‘शंभर टक्के पॉवर बॅकअप’ असं छापलं होतं. राहायला गेल्यावर कळलं, की वीज गेल्यावर जनरेटरवर दिवे, पंखे आणि हॉलमधला एकच पॉइंट चालतो. तो पॉइंट नवऱ्याने पहिल्याच दिवशी आपला करून टाकला.

आमचे दोन लॅपटॉप दिल्लीतल्या नेहरू प्लेसच्या कॉम्प्युटर बाजारातून एकाच दिवशी आणलेले, अगदी एकसारखे. पण त्याचा कायम प्लगवर. बॅटरी वापरली की तिचं आयुष्य घटतं, हा त्याचा सिद्धांत. एक्स्टेन्शन बोर्डही लावू देईना. त्याने म्हणे व्होल्टेज हलतं. मग काटकसर कोणी करायची? मी! स्क्रीन इतकी मंद ठेवायची की डोळे ताणून वाचावं लागे. आवाज बंद, इंटरनेटचं डेटाकार्ड लागेल तेवढंच लावायचं. वर हा पाहुण्यांना कौतुकाने सांगणार, “हिचं मॅनेजमेंट बघा, दोन तासांची बॅटरी चार तास पुरवते.” त्या कौतुकानेच माझं डोकं जास्त फिरायचं.

मुलगी झाल्यावर मी नोकरी सोडली होती. तीन वर्षांनी घरून करण्याजोगं एक काम निघालं आणि त्याची दोन तासांची परीक्षा ऑनलाइन होती. शनिवारी दुपारी मुलीला झोपवून मी डायनिंग टेबलावर बसले. सकाळपासून तीनदा वीज गेल्यामुळे बॅटरी जेमतेम अर्धी भरलेली. पेपर सुरू झाला आणि वीज पुन्हा गेली.

“अरे, आजच्या दिवस पॉइंट दे मला.”

तो लॅपटॉपवर मॅच बघत होता. “तुझी बॅटरी आहे ना अजून? सेव्हिंगवर टाक, यार. माझी उगाच खराब होईल.”

मॅच! मी तेव्हाच उठून त्याचा प्लग उपटायला हवा होता. उपटला नाही. आजही मला त्याचा संताप येतो, आणि तितकाच स्वतःचाही. नऊ प्रश्न राहिले असताना स्क्रीन काळी झाली. काम हातचं गेलं. “चलो, नेक्स्ट टाइम,” तो म्हणाला.

नेक्स्ट टाइम यायला आठ महिने लागले. त्या दिवशी मी सकाळीच हॉलमधल्या पॉइंटला माझा चार्जर लावला आणि शेजारी खुर्ची टाकून बसले. तो कुरकुरत बेडरूममध्ये ऑफिसचा कॉल घ्यायला गेला. माझा पेपर सुरू होऊन दहा मिनिटं होताहेत तोच वीज गेली आणि आतून त्याची हाक आली. इतकी जपलेली बॅटरी कायम प्लगवर राहून पार मेली होती. क्षणभर तग धरून लॅपटॉप बंद.

तो धावत बाहेर आला. “अगं, तुझी बॅटरी काढून दे पटकन. सेमच आहे, बिल्कुल फिट बसेल. तू तर प्लगवर आहेस, तुला कशाला हवी?”

जनरेटर बंद होऊन वीज परत येते तेव्हा क्षणभर सगळं घर बंद पडतं, हे त्याला चांगलं ठाऊक होतं. माझा पेपर त्या क्षणात गेला असता.

“मला हवी आहे,” मी म्हटलं आणि स्क्रीनचा उजेड पूर्ण वाढवला.

कॉल त्याने मोबाइलवरून घेतला. मी सगळे प्रश्न सोडवले. शेवटचे नऊ दोनदा तपासले.