नानांनी भरलेली शेवटची बरणी

नाना गेल्याची बातमी मला ऐन आनंदात मिळाली. कित्येक महिने हट्टाला पेटलेलं माझं गणित त्या सकाळी जुळलं आणि ते सांगायला मी त्यांना फोन लावला. उचलला त्यांच्या बायकोनं, काकूंनी. "मॅडम... हे पहाटं गेलं." पुढचं काही ऐकूच आलं नाही.

नाना कुंडलचे. लष्करातून निवृत्त झाल्यावर ते कुपवाडला आइस्क्रीमचे फ्रीजर दुरुस्त करायचे. मी सांगलीत इंजिनिअरिंग शिकवते. थंड मुलखातल्या खाणींत धातू काढून उरलेला पातळ गाळ तळ्यात साठवतात. तो हिवाळ्यात गोठतो, मग वितळतो आणि खाली बसतो. किती बसेल, हे मला संगणकावर मांडायचं होतं. माझा पीएचडीचा सगळा प्रबंध त्यावरच उभा होता. पण सांगलीत गोठवणार कुठे? म्हणून मी नानांना विचारलं. "कुल्फीच्या फ्रीजरात चिखल?" नाना पोटभर हसले आणि लगेच बरण्या धुवायला बसले.

माझं गणित आणि त्यांच्या बरण्या यांचा छत्तीसचा आकडा. गाळ दर वेळी माझ्या अंदाजापेक्षा जास्तच बसायचा. एकदा वीज गेली नि एक बरणी अवेळी वितळली. मी ती ओतून टाकायला निघाले, तर त्यांनी हातातून काढून घेतली. "थांबा की जरा. लडाखला आमी लय बघितलंय. बर्फ गेला की चिखलात भेगा राहत्यात, पाणी तिथनंच पळतंय." मी काचेला डोळा लावला. खरंच, केसासारख्या भेगा! वितळल्यावरही पाणी गोठण्याआधीसारखंच संथपणे झिरपतं, असं मी धरून चालले होते; म्हणूनच माझा अंदाज दर वेळी कमी पडत होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय... त्या आनंदात आम्ही गाड्यावरची भजी खाल्ली. नानांना पथ्य होतं, तरीही.

तेराव्यानंतर काकूंनी बोलावलं. नानांच्या फ्रीजरमध्ये त्यांनी भरलेली एक गोठलेली बरणी उरली होती. जुन्या बरण्यांशी माझं नवं गणित जुळलं होतं, पण खरी परीक्षा या न पाहिलेल्या बरणीची. तरी ती वितळवायला मन होईना. नानांच्या हातचं तेवढंच शिल्लक होतं.

"आवं, बघायसाठीच ठिवलीया न्हवं त्यांनी?" म्हणत काकूंनीच ती बाहेर काढली.

मी गणितानं सांगितलेल्या जागी काचेवर रेघ मारली. दुसऱ्या दिवशी दुपारी गाळ नेमका त्या रेघेवर येऊन थांबला होता. मी लहान पोरीसारखी उडी मारली. काकूंनी वाकून, पट्टी लावून स्वतः खात्री केली.

"बसला बगा. लिवा आता."

मी वही उघडली. 'बरणी कोणी भरली' या रकान्यात नानांचं नाव लिहिलं, आणि मग मात्र मला रडू आवरेना.