भट्टीचा चुना

अलिक गेला आणि पाठोपाठ त्याची पाव भाजायची भट्टीही गेली. भट्टी म्हणजे तेलाचं आडवं पाडलेलं पिंप, खाली जाळ. खाऱ्या वाऱ्यानं त्याची चाळण झाली होती. त्याच्या बायकोनं, नेस्तानं, आत वाळू पसरून पाहिली, वरून पत्रा ठोकून पाहिला. पाव खालून कोळसा आणि वरून कच्चाच निघायचा.

मूलबाळ नव्हतं. महिन्याभरानं थोरला दीर इरो दारात येऊन बसला. सुपारी चघळत म्हणाला,

"नेस्ता, तू डोंगरात भावांकडे जा. इथं तुला खायला घालायला माझ्याकडे तरी काय आहे?"

माणूस वाईट नव्हता आणि खोटंही बोलत नव्हता. पण अलिकला याच बेटावर पुरलं होतं. त्याला टाकून नेस्ता कुठंही जाणार नव्हती.

"भाऊजी, मी पाव भाजून पोट भरीन. दोन महिने द्या मला."

"कशात भाजणार? पिंप तर गेलं."

"दगडाची बांधते."

लांगालांगाच्या खाडीतलं ते बेट माणसांनीच रचलेलं. पणज्या-खापरपणज्यांनी प्रवाळाचे धोंडे होडीतून आणून एकावर एक टाकले, तेव्हा कुठे पाय ठेवायला जागा झाली. इथं दगड म्हणजे प्रवाळच, दुसरा दगड बेटावर नाहीच. नेस्तानं दगड मागितले, लोकांनी दगड आणून दिले. सहा मोठे तर खुद्द इरोनं आणले. सुपारीबरोबरचा चुना प्रवाळ भाजूनच करतात, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण त्याला फांद्यांचं प्रवाळ लागतं. हे जुने गोल धोंडे म्हणजे घराचा पाया. पाया कधी जळतो, असं कुणाच्या मनातही आलं नाही.

नेस्तानं किनाऱ्यावरची चिकणमाती आणली, तीत नारळाचा काथ्या तुडवला आणि त्या धोंड्यांची गुडघ्याएवढी घुमटी उभी केली. पहिल्या दिवशी सगळा धूर तिच्याच तोंडावर आला. तिनं भट्टीचं तोंड मोडून आडोशाच्या बाजूला केलं. मग आच टिकेना. तोंड वीतभर खाली घेतलं, ओलं पोतं लावलेली फळी दाराला बसवली. तिसऱ्या आठवड्यात नारळाच्या दुधातले पाव असे फुगले, की सकाळी होड्या तिच्या धक्क्याला लागू लागल्या. नेस्ता रोज एक पाव अलिकच्या थडग्यावर ठेवायची.

मग रात्रभर पाऊस झाला. सकाळी भट्टी खचलेली आणि तिच्यातून वाफा येत होत्या. आतल्या भाजलेल्या धोंड्यांचं पाण्यानं फुटून पांढरं पीठ झालं होतं. तासाभरात अर्धं बेट चुन्याच्या डब्या घेऊन हजर.

"नेस्तानं सगळ्या बेटाला चुना लावला गं!" शेजारीण ओरडली. सगळे हसले, नेस्ताही हसली. आत जाऊन दार लावल्यावर मात्र ती दिवस मोजू लागली. दोन महिन्यांतले सहाच दिवस उरले होते.

सातव्या दिवशी इरोनं होडी काढली. "चल, तुला पोचवतो," एवढंच म्हणाला. नेस्ताला लहानपणीची नदी आठवली होती, आईच्या चुलाणातले, जाळातही न फुटणारे काळे दगड आठवले होते. तिनं कपड्यांचं गाठोडं घेतलंच नाही.

"मी दगड आणायला येतेय, भाऊजी."

इरो वल्हवत राहिला.

नदीकाठी तिचा धाकटा भाऊ कानासी भेटला. नेस्ता कोरडे दगड उचलून एकमेकांवर आपटत, खणखणीत वाजतील तेवढे बाजूला ठेवू लागली. कानासीनं कारण विचारलं, तिनं सांगितलं. तो पोट धरून हसला.

"प्रवाळाची भट्टी? अगं, डोंगरातली पोरगी ना तू? आपल्यातलं कुणी असलं करील का? तीस वर्षांत पार खाऱ्या पाण्याची झालीस बघ! इतकी बिनडोक फक्त ती बेटावरचीच माणसं!"

भाऊ खरंच बोलत होता. दगड म्हटल्यावर नेस्ताच्या डोळ्यांपुढे प्रवाळच आलं होतं, आणि ते तिला आजवर कळलंही नव्हतं.

"तोंड सांभाळ," मागून इरो म्हणाला. त्याचा आवाज चढला होता. "त्यातले सहा धोंडे माझे होते. आमच्या बाईला हसायचं काम नाही."

इरोनं वाकून एक दगड उचलला, दुसऱ्यावर आपटून कान लावून ऐकला आणि होडीत ठेवला. मग दुसरा उचलला.

नेस्ता तिथंच पाण्यात बसली आणि हमसून रडू लागली. अलिकला माती देतानाही ती अशी रडली नव्हती.

"ऊठ आता," इरो तिच्याकडे न बघता म्हणाला. "ओहोटी लागेल. रडायचं ते घरी जाऊन रड."