आत्यांच्या पायाखालची फरशी

आमच्या उमरग्याच्या घरात खालून गरम होणारी फरशी आहे, हे मी सहसा कुणाला सांगत नाही. ज्या गावात मे महिन्यात माणसं फरशीवर पाणी ओतून तिच्यावर लोळतात, तिथं हे सांगणं म्हणजे आपण होऊन वेड्यात निघणं. आमचे हे मात्र सांगतात. सगळ्यांना सांगतात. मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेल्या माणसाला रोज सकाळी परिपाठाला काहीतरी विषय लागतो.

खरं तर मूळ अपराध यांचाच. निवृत्तीनंतर यांनी घर नवं केलं आणि फरशी अशी निवडली, की तिच्यात तोंड दिसावं. वास्तुशांतीला आलेल्या प्रत्येकानं तिच्यात तोंड पाहिलं. कुणाचंच पूर्वीपेक्षा बरं दिसत नव्हतं, पण जेवण चांगलं असल्यामुळं ते कुणी बोललं नाही. माझ्या सासूबाई, म्हणजे आत्या (आमच्याकडं सासूला आत्याच म्हणतात), तेवढ्या म्हणाल्या, "लई गुळगुळीत हाय बाबा. ह्याच्यावर माणूस टिकंल का?"

टिकल्या नाहीत त्याच. त्या वर्षीपासून दिवाळीनंतर तुळशीचं लग्न लागलं, की दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं आत्या कपड्यांची पिशवी भरून माकणीला, शेतातल्या दोन खोल्यांच्या घरी जायला लागल्या. "ज्वारी राखायला." परतायच्या त्या होळीला. शेतात सालगडी होता, त्याची बायको होती, दोघांकडं गोफणी होत्या आणि दोघांचे नेमही चांगले होते. आत्यांनी ऐंशी ओलांडलेली. त्यांच्या राखणीमुळं एखादं पाखरू उपाशी राहिल्याचं ऐकिवात नव्हतं. पण घरात कुणी विचारलं नाही. म्हाताऱ्या माणसाला जावंसं वाटतं, जाऊ द्या, असं आम्ही मोठ्या मनानं ठरवलं होतं. मोठं मन ठेवलं की चौकशी करावी लागत नाही.

मागच्या थंडीत सालगड्याच्या बायकोचा फोन आला. म्हातारीला दोन दिवस ताप आहे, आणि कळवू नको म्हणून शपथ घातली आहे. आम्ही गाडी करून गेलो आणि त्यांना घेऊन आलो. आठवडाभर दवाखाना झाला. घरी आणलं तरी अंगात थोडा ताप होताच; मी त्यांचे पाय मांडीवर घेऊन तेल लावायला बसले. पस्तीस वर्षं मी या पायांना वाकून नमस्कार केला होता. नीट पाहिले तेव्हाच. बोटं वाकडी झालेली, टाचांना शेताच्या भेगा, आणि पांघरुणातून काढलेले असूनही विहिरीच्या पाण्यासारखे गार.

तापात माणूस खरं बोलतं. "माकणीला न्हाई दुखत गं," त्या डोळे मिटून म्हणाल्या. "तितं सारवलेली जमीन हाय. हितं सकाळच्याला वट्यापशी उभं राह्यलं, की गार कळ पार मांडीपतूर जाती."

"मग आत्या, इतकी वर्षं बोलला का नाही?"

"लेकानं एवढ्या हौसेनं फरशी घातली. त्याला काय सांगू, तुझ्या घरात माझं पाय ठरत न्हाईत म्हनून?"

दुसऱ्या दिवशी ताप उतरला आणि त्यांनी सगळं नाकारलं. पण मी मनाशी ठरवलं होतं, की पुढच्या तुळशीच्या लग्नाला ती पिशवी दारात दिसता कामा नये. पुन्हा एकदा त्या तिकडं एकट्या आजारी पडल्या, आणि शपथ घातलेली बाई शपथेला जागली, तर?

डॉक्टर तरुण होता. तो म्हणाला, "सोपं आहे आजी, घरात मऊ स्लिपर घाला." आत्यांनी त्याच्याकडं अशा नजरेनं पाहिलं, की त्यानं स्टेथोस्कोप उगाच काढून पुन्हा गळ्यात घातला. "चुलीपशी चप्पल घालू? मग देवाफुडं बूट घालून बसते की." आमच्याकडं गॅस येऊन चाळीस वर्षं झाली, तरी ती चूलच आहे, आणि चुलीपाशी वहाण चालत नाही, म्हणजे नाही. मग मोजे आणले. मोजे घालून त्या तोंड दिसणाऱ्या फरशीवर अशा घसरल्या, की ओटा धरला म्हणून वाचल्या. सतरंजी अंथरली, ती पीठ आणि पाणी पिऊन आठवड्यात आंबली. शेवटी आत्यांनी स्वतःच एक गोणपाट चौपदरी करून ओट्यापुढं टाकलं आणि प्रश्न आपल्यापुरता मिटवला. दिवाळीपर्यंत.

आमचा मुलगा थंड देशात नोकरीला आहे. फोनवर तो बर्फ दाखवत होता आणि स्वतः अनवाणी फिरत होता. मी म्हटलं, तुझे पाय कसे गारठत नाहीत रे? तो म्हणाला, "फरशीखाली तारा असतात आई. खालून गरम होते." मी पुढचा बर्फ पाहिलाच नाही.

सोलापुरातल्या फरशीच्या दुकानात मी हे मागितलं, तेव्हा मालकानं आधी मला पाणी दिलं. "मॅडम, आमच्याकडं लोक उन्हाळ्यात गार राहणारी फरशी मागतात." तरी त्यानं कुठून तरी एक माहितीपत्रक शोधून काढलं. त्यात एक गोरं कुटुंब, एक सोनेरी कुत्रा आणि खिडकीबाहेर देवदाराची झाडं. कुत्रा सर्वांत समाधानी दिसत होता. मी विचारलं, ओट्यापुढच्या तुकड्यापुरतं मिळेल का? मिळत होतं. जाळीवर चिकटवलेली बारीक तार, सतरंजीसारखी गुंडाळलेली. जुनी फरशी फोडायची नाही. तिच्यावर तार, तारेवर फरशी चिकटवायचं केमिकल, त्यावर नवी फरशी.

नवी फरशी मी निवडली. खरखरीत, मातकट, बिनचमकेची. हे म्हणाले, "गोठ्यासारखी दिसते." आत्या म्हणाल्या, "व्हय, जरा जमिनीवानी दिसती." ठराव मंजूर.

आता तार नेमकी कुठं घालायची? पुस्तकं वाचणाऱ्या माणसाचा एक दोष असतो, त्याला पुरावा लागतो. तीन दिवस मी आत्यांच्या मागं रांगोळीची वाटी घेऊन फिरले. भाकरी थापताना त्या कुठं उभ्या राहतात, भाजी कुठं चिरतात, जिथं पाऊल, तिथं चिमूटभर रांगोळी. तिसऱ्या दिवशी त्यांनी मागं वळून पाहिलं.

"गौरी आवंदा लवकर आल्या व्हय गं?"

"आत्या, तुमची पावलं काढतेय."

"जित्यापनीच?"

दसरा झाल्यावर मिस्त्री आला. त्यानं आयुष्यात हे काम केलं नव्हतं, पण तसं म्हणणं त्याच्या धंद्यात बसत नव्हतं. "करू की, काय त्यात." मुलगा तिकडून फोनवर दाखवत होता, गल्लीतला वायरमन पत्रक वाचत होता, आणि हे अध्यक्षस्थानी होते. तारेच्या मध्ये एक बोटभर कांडी पुरली. फरशी किती तापली, हे ती भिंतीवरच्या डबीला सांगणार आणि डबी तार बंद-चालू करणार. जमीन अर्धा इंच वर आल्यामुळं ओट्यालगतचं मागचं दार घासायला लागलं. ते सुताराकडून तासून घेतलं. मग केमिकल वाळेपर्यंत वाट पाहायची होती. ती संपली तेव्हा भाऊबीज झाली होती, सकाळी गारवा यायला लागला होता, आणि आत्यांच्या खोलीत पिशवी भरून ठेवलेली होती.

सुरू केलं, आणि फरशी गारच. डबी थोडा वेळ पेटायची आणि विझायची. दोन दिवस हेच. यांनी कंपनीला तीन पानी पत्र लिहिलं, त्यात 'खेदाची बाब' दोनदा होती. ते पाठवायच्या आधी वायरमन आला. त्यानं ओट्यापुढं बसून आत्यांचं गोणपाट उचललं आणि खाली हात लावला. "मॅडम, इथं तर तवा झालाय."

माझा पुरावा असा कामाला आला होता. रांगोळीच्या चिमट्या सगळ्यात दाट पडल्या, तिथं मी कांडी पुरून घेतली होती. आणि त्या दाट पडल्या होत्या, कारण तिथं गोणपाट होतं. आत्या कुठं उभ्या राहतात, हे मी मोजलंच नव्हतं. गोणपाट कुठं पडतं, ते मोजलं होतं. नवी फरशी झाल्यावर त्यांनी ते पुन्हा त्याच जागी टाकलं. गोणपाटाखाली ऊब कोंडायची, कांडीला वाटायचं झालं काम, आणि डबी बंद.

"आत्या, गोणपाट काढावं लागेल."

"न्हाय गं बाई. खाली करंट हाय."

"लागत नाही तो."

"लागला म्हंजी? म्या मेलेली बरी, पन वट्यापशी भाजून मेली म्हनतील लोक."

मी चपला दाराशी काढल्याच होत्या. गोणपाट बाजूला केलं आणि त्या जागी उभी राहिले. थोड्या वेळानं तळव्यांना ऊब लागली. अंगणातल्या दगडावर सकाळी दहाला लागते तशी. चांगला अर्धा तास तिथंच उभी राहून शेंगदाणे निवडले, जे निवडलेलेच होते. शेवटी आत्या आल्या. आधी अंगठा टेकवला, मग पाऊल, मग दुसरं. माझा दंड धरून उभ्या राहिल्या. त्यांची पकड हळूहळू सैल झाली, पण हात त्यांनी काढला नाही.

"सारवल्यावानी लागतंय," एवढंच म्हणाल्या.

मला वाटलं, जिंकलं. पुढचे आठ दिवस हे पाहुण्यांना स्वयंपाकघरात नेऊन मोजे काढायला लावत होते. "पाय ठेवा, ठेवा तर खरं." लोक देवळात आल्यासारखे एकेक पाऊल टेकवून बाहेर पडत होते. आत्या सकाळी तासन् तास तिथं उभ्या असायच्या. आणि पिशवी मात्र खोलीत भरलेलीच होती. तुळशीचं लग्न लागलं. त्या संध्याकाळी त्यांनी सालगड्याच्या लेकरांसाठी चिवडा बांधून घेतला.

"आत्या, पाय दुखतात का अजून?"

"न्हाय की. पन ज्वारी हाय ना."

तेव्हा मला कळलं. इतक्या वर्षांच्या थंडीत त्यांनी सांगताना तरी कधी पाय दुखतात म्हणून घर सोडलं नव्हतं; ज्वारी राखायला सोडलं होतं. मग पाय बरे झाले म्हणून राहायचं कसं? मी त्यांना फरशी दिली होती, काम दिलं नव्हतं. आणि काम काय द्यावं, हे काही सुचत नव्हतं.

सकाळी उठून आले, तर ओट्यापुढच्या उबेवर जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेलं पातेलं. आत्या शेजारी पाटावर बसलेल्या, पिशवी मांडीशी.

"काल इरजन लावून ठिवलं. म्हटलं, निस्ती गरम हाय, का काय कामाची बी हाय, बघावं जाता जाता." त्यांनी झाकण काढलं. थंडीत आमच्याकडं दही कधी लागत नाही. दुपारपर्यंत दूधच हसत असतं. पण हे असं लागलं होतं, की पातेलं तिरकं केलं तरी हललं नाही.

तेवढ्यात शेजारीण विरजण मागायला आली. तिचं सलग तिसऱ्या दिवशी फसलं होतं. तिनं पातेलं पाहिलं, फरशीला हात लावला आणि म्हणाली, "आज्जी, माझंबी ठेवता का इथं आजच्याला?"

आत्यांनी घड्याळाकडं पाहिलं. एसटीला अजून अवकाश होता. "ठिव. पन दूध कोमट करून आन. आन् हालवू नको कुनी."

एसटी गेली. दहा वाजता त्यांनी माझ्याकडून माकणीला फोन लावून घेतला. "आवंदा तुमीच राखा रे. मला सवड न्हाय. हितं दह्याचं बघाया कोन हाय?"

आता गल्लीतल्या सहा घरांची पातेली आमच्या ओट्यापुढं असतात, प्रत्येकाला वेगळ्या रंगाचं फडकं. यांना पाहुण्यांचं पाऊल टेकवायला जागा उरलेली नाही. मध्ये एकच फरशी मोकळी ठेवलेली असते, आणि तिच्यावर आत्या अनवाणी उभ्या असतात.

परवा मी विचारलं, "पाय कसे आहेत आत्या?"

"पायाचं काय घिऊन बसलीस," त्या म्हणाल्या. "ते हिरवं फडकं बघ जरा. सकाळधरनं लागंना झालंय."