एकसष्ट नावांची यादी

बद्रीनाथ वानखडे मूळचा वाशीमकडचा, राहायला मांजरीच्या नव्या सोसायटीत, नोकरी आयटीत. पण ओळख करून देताना सांगायचा, "मी एका प्रोग्रामिंग भाषेत भर घालतो." ते खोटं नव्हतं. जगभरची माणसं मिळून फुकटात घडवत असलेल्या त्या भाषेत त्यानं एक नवी सोय सुचवली होती. तिथं माहिती चिठ्ठ्या लावलेल्या डब्यांसारखी ठेवतात. आतल्या जिन्नसाला हात न लावता साऱ्या चिठ्ठ्या एका दमात बदलायच्या, एवढंच त्या सोयीचं काम. ती मंजूर व्हायच्या बेतात होती, आणि गडी हवेत होता.

त्या सोयीवरच्या ऑनलाइन चर्चेत त्याच्याच ऑफिसातल्या नम्रतानं लिहिलं, "सर, नवी चिठ्ठी आधीच दुसऱ्या डब्यावर असेल तर?" पोरगी शनिवार पेठेतली, नोकरीला जेमतेम दोन वर्षं झालेली. यानं सगळ्यांदेखत उत्तर दिलं, "मिठाच्या डब्यावर 'साखर' लिहिणाऱ्यांनी आधी स्वयंपाक शिकावा." लोक हसले. पुण्यात येऊन यानं टोमणे तेवढे चांगले उचलले होते.

पुढं मांजरीत मोतीबिंदूचं शिबिर ठरलं. यादीचं काम यानं हौसेनं ओढवून घेतलं आणि आपलीच सोय त्यावर चालवली; इथं चिठ्ठी म्हणजे माणसाचं नाव. बऱ्याच बायकांच्या आधार कार्डावर माहेरचं नाव होतं, इस्पितळाला सासरचं हवं होतं. एका झटक्यात सगळी नावं बदलली. यादी तपासायची मात्र त्याला गरज वाटली नाही.

शनिवारी सकाळी इस्पितळात नेणाऱ्या बसपाशी गावातल्या गोदाबाई पिशवी घेऊन उभ्या राहिल्या. यादीत त्या नावाची एकच बाई होती आणि ती बसमध्ये बसलीही होती.

"म्या नाव दिलं व्हतं की," गोदाबाई म्हणाल्या.

मागं रांग होती, डॉक्टर घड्याळ बघत होते. बद्रीनाथ चटकन बोलून गेला, "दिलं नसेल, आजी. वय झालं की आठवत नाही." शेजारी त्यांची सून ऋतुजा उभी होती. बस गेली.

दुपारी त्यानं मोजलं. अर्ज बासष्ट, यादीत एकसष्ट. त्याचे कान तापले. दोन चुलत भावांना एकाच आजोबांचं नाव, हिंदुराव. एकाची बायको आधीपासूनच गोदाबाई, म्हणजे बसपाशी उभी राहिलेली. दुसरीचं माहेरचं नाव चंद्रभागा, पण लग्नात तांदळाच्या ताटात तिचंही गोदाबाई लिहिलेलं. दुसरीला सासरचं नाव लागलं, दोघींची चिठ्ठी एकच झाली, तशी पहिली हूं की चूं न करता पुसली गेली.

चूक कुणाकडूनही होते. त्याला जाळत होतं ते म्हातारीला ऐकवलेलं वाक्य. चार दिवस तो त्यांच्या घरावरून न जाता लांबच्या वाटेनं फिरला. स्वतःचीच त्याला किळस आली. पाचव्या दिवशी गेला.

गोदाबाई ओट्यावर बसल्या होत्या. "ये. चहा न्हाय देता यायचा. ही ऋतुजा मला गॅसला हात लावू देत न्हाय आता. इसरशील म्हंती."

तो ओट्याखालीच उभा राहिला. "आजी, तुम्ही नाव दिलं होतं. माझ्या हातून पुसलं गेलं. आणि खापर मी तुमच्या वयावर फोडलं."

गोदाबाई म्हणाल्या, "मला कशाला सांगतुयास? मला ठावं हाय. तिला सांग."

ऋतुजा बाहेर आली. त्यानं तेच शब्द, मान खाली घालून, पुन्हा म्हटले. ती सासूकडं बघू शकली नाही. पुढचं शिबिर चार महिन्यांनी होतं.

घरी येऊन त्यानं आपली सोय मागं घेतली आणि त्याच चर्चेत, सगळ्यांदेखत, खाली लिहिलं: "नम्रतानं विचारलं होतं. मला उत्तर येत नव्हतं, म्हणून मी तिची चेष्टा केली."